दहाव्या दिवशीचा रविवार

आमच्या भाडेकरूंचा रविवार दर नवव्या नाहीतर दहाव्या दिवशी यायचा. मग कॅलेंडरात मंगळवार असो की शुक्रवार. त्या दिवशी सर दाढी करायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि वेल्ह्याच्या बाजारात जाऊन एक प्लेट कांदाभजी खाऊन यायचे. बाकीचे दिवस गालावर पांढरे खुंट आणि अंगात बंडी. आज कसली सुट्टी, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आज धाकटी थोरलीच्या आड गेली असावी. काम नाही."

मला वाटलं, ह्या माणसाची पुण्यात दोन घरं आहेत.

तेव्हाची मी अशीच होते. पन्नाशीला टेकलेली, अंगणवाडी चालवणारी, दहावी पास, आणि गावातल्या प्रत्येक घरात डोकवायचा जणू सरकारी परवाना मिळालेली. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची सून माहेराहून का आली नाही, सगळं माझ्या रजिस्टरात नसलं तरी डोक्यात असायचं. आज ती बाई समोरून आली तर मी पदर ओढून रस्त्याच्या पलीकडे जाईन. बोलणार नाही. बोललं की तिला सगळं कळतं.

सर निवृत्त विज्ञानशिक्षक. भोरकडच्या एका हायस्कुलात त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नव्हतं. भोर सोडून वेल्ह्याला का आलात, तर म्हणे भोरात दहा पावलं चाललं की एक जुना विद्यार्थी नमस्कार करतो आणि मला त्याचे मार्क आठवतात. वेल्ह्यात कुणाचेच मार्क माहीत नव्हते, म्हणून त्यांना इथं शांत वाटायचं. आमच्या घराला लागून एक खोली होती, ती मी संध्याकाळच्या जेवणासकट दिली. आमचे मालक पासलीला भातशेतीवर, मुलगा शिरवळच्या कारखान्यात, घरात मी, सून आणि तिची तीन वर्षांची मुलगी. म्हाताऱ्या मास्तरांचा तेवढाच आधार, असं मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे मला बोलायला माणूस हवा होता.

ताऱ्यांचा अभ्यास करणारा माणूस आलाय हे कळल्यावर पहिल्या महिन्यात निम्मं वेल्हं दुर्बीण बघायला येऊन गेलं. दुर्बीण नव्हती. एक कॉम्प्युटर होता आणि लाल शाईने 'क्ष-किरण' लिहिलेल्या पाकिटांतल्या सीड्यांची चळत होती. सीड्या पुण्याहून त्यांचा भाचा एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचा. आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे हा माणूस रात्री आठ वाजता झोपायचा. आभाळाकडे मान वर करून बघताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. कुणी छेडलं, की सर, तुमचे तारे दाखवा की, तर म्हणायचे, "माझे दिसत नाहीत." मग लोक हसायचे. न दिसणाऱ्या ताऱ्यांवर पोट भरणारा माणूस म्हणजे देवऋषीच की, असं बाजारात ठरून गेलं.

सरांना त्याचं काही नव्हतं. "पावसाळ्यात चार महिने तोरणा दिसत नाही," ते म्हणायचे, "तेवढ्यात कुणी उचलून नेला का?"

धाकटी आणि थोरली ही ताऱ्यांची जोडी निघाली. आपल्याला एकटे दिसणारे पुष्कळ तारे जोडीनं राहतात, एकमेकांभोवती फिरतात. सरांच्या जोडीतली थोरली अवाढव्य, फुगलेली, अंगावरून सारखं वारं सोडणारी. धाकटी जळून मेलेली, आमच्या वेल्हे तालुक्यात मावेल एवढीच, पण वजनाला सूर्यापेक्षा भारी. ती थोरलीचं वारं ओढून घेते, आणि ते तिच्या अंगावर पडताना असं तापतं की त्यातून क्ष-किरण निघतात. हाड मोडल्यावर दवाखान्यात फोटो काढतात, तेच किरण. पण दोघींच्या भोवती वाऱ्याचा आणि धुळीचा एवढा दाट पडदा की साधा उजेड त्यातून बाहेर येत नाही. कोवळे क्ष-किरणसुद्धा आतच जिरतात. निबर तेवढे सुटतात, आणि ते वर फिरणारा कुठला तरी परदेशी उपग्रह टिपतो. फिरता फिरता धाकटी थोरलीच्या मागे गेली की तेही बंद. हे दर नऊ-दहा दिवसांनी. तीच सरांची सुट्टी.

कोवळं आणि निबर हा त्यांचा जगाकडे बघायचा चष्माच होता. बाजारातून भेंडी आणली की दोन ढीग करायचे आणि निबर भेंडीकडे जरा आदरानं बघायचे. दुसरी खोड म्हणजे 'आहे' म्हणायचं नाही. सगळं 'असावं'. डोक्यापासून पायापर्यंत भिजून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, पाऊस लागला असावा. जेवलात का, तर जेवलो असावं. सून तोंडाला पदर लावून आत पळायची. एकदा मी चिडून म्हटलं, सर, तुमी सोताच्या पोटाला तरी इचारा की. तर गंभीरपणे म्हणाले, "विचारलं. ते हो म्हणतंय. पण एकच साक्षीदार आहे."

मी रोज सकाळी त्यांची खोली झाडायचे. झाडता झाडता दहा मिनिटांचा अर्धा तास कधी झाला ते मला कळलं नाही. भिंतीवर एकाला एक डकवलेले आलेखाचे कागद होते, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि त्यावर पेन्सिलीचे ठिपके. कॉम्प्युटर आकडे द्यायचा, ठिपके सर हातानं मांडायचे. आता गंमत अशी की ठिपक्यांचा माझा हात चांगलाच बसलेला होता. अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं करायची आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा, हे मी कित्येक वर्षं करत होते. ठिपका खाली घसरला की त्या घरी जायचं, आईला विचारायचं, हगवण लागली का, दूध तुटलं का. तर एक दिवस हातातला झाडू तसाच धरून मी म्हटलं, "सर, ह्यो ठिपका आड गेल्या दिवसाचा न्हाई, तरी खाली का?"

सर ठिपक्याशी वाकले. मग आकडे काढले. त्यांच्या हातून एक ओळ चुकली होती.

त्या दिवसापासून ते मला खुर्ची द्यायचे. मी जमिनीवरच बसायचे, पण खुर्ची द्यायचे. नवीन सीडी आली की आधी मला हाक. मी विचारायचे, ते सांगायचे, आणि न समजलं तर मी सरळ म्हणायचे की न्हाई कळलं, पुन्यांदा सांगा. भोरच्या इतक्या पोरांत असं म्हणणारं एकही नव्हतं म्हणे. चुलीपुढे बसून मी सुनेला परातीतल्या पिठाच्या दोन गोळ्यांवर थोरली-धाकटी समजावून सांगितली होती. एवढं मला कळत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय बोलले ते तुम्हाला वाचायचं आहे.

सुनेला पुन्हा दिवस गेले. पहिली मुलगी. मला नातू हवा होता.

बघा, लिहिताना हात थांबतो. अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर 'मुलगी झाली हो, साखर वाटा' हे मोठ्या निळ्या अक्षरांत मी स्वतः लिहिलेलं. दर महिन्याच्या बैठकीत बायकांना मी सांगायचे, पोटातलं तपासून घेऊ नका, गुन्हा आहे, पाप आहे. टाळ्या पडायच्या. आणि घरी येऊन सुनेची चाल बघायचे, ती आंबट मागते की गोड मागते ते मोजायचे. रजिस्टरात एक बाई आणि घरात दुसरी. त्या दुसरीनं एका सकाळी घावन केले, चटणी वाटली आणि ताट घेऊन सरांच्या खोलीत गेली.

मी फार वळणं घेतली. तुमचे विद्यार्थी आता मोठे झाले असतील, कुणी डॉक्टर झाला असेल, त्याच्याकडे मशीन असेल. तुमचा शब्द कोण मोडणार. एक चिठ्ठी दिली तर सुनेला नुसतं दाखवून आणीन, बाकी काही नाही. सर घावन खात होते. खाता खाता थांबले.

"दाखवून काय करणार, बाई?"

"काय न्हाई. नुसतं कळंल. तयारीला बरं."

"कसल्या तयारीला?"

मी चटणीची वाटी पुढे सरकवली. त्यांनी ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "अंगणवाडीच्या भिंतीवर काय लिहिलंय ते मी येता-जाता वाचतो. अक्षर तुमचंच असावं."

एवढंच. पण ते 'असावं' मला असं लागलं की कानशिलात बसली असती तर बरं. अर्धे घावन ताटात तसेच. मी ताट उचललं आणि बाहेर आले. सून दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्याकडे मी बघितलंच नाही.

दोन दिवस माझ्या डोक्यात एकच. हा माणूस बोलला तर? बैठकीत, बाजारात, कंडक्टरजवळ? माझी नोकरी, माझं नाव, भिंतीवरचं अक्षर. सर बोलले नसते. तो माणूस जेवल्याचीसुद्धा खात्री देत नव्हता, माझ्याबद्दल काय सांगणार होता. पण तेव्हाच्या बाईला तेवढं धीरानं विचार करणं कुठलं जमायला. तिनं आधी बोलून टाकलं. नळावर, हंडा भरता भरता, कुणी विचारलेलं नसताना: "सुनंला म्या त्या खोलीकडं फिरकू देत न्हाई बया. क्ष-किरण असत्यात म्हनं आत. पोटुशी बाई हाय."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पाकिटांवर तसं लिहिलेलंच होतं. असं बोलायला फार हुशारी लागते.

पुढचं गावानं केलं. कंडक्टरच्या हाती पुण्याहून पाकिटं येतात. दर नवव्या-दहाव्या दिवशी दाढी करून, पांढरा शर्ट घालून जातो तो कुठं? भजी खायला? भजी कोण इतकी नटून खातं? रात्री आठला दिवा मालवतो, का? झाकलेलं ओळखतो असं स्वतःच सांगतो की. आठ दिवसांत त्या खोलीत पोटातलं बघायचं मशीन तयार झालं, आणि पंधरा दिवसांत त्याला गिऱ्हाइकं मिळाली. निनावी अर्ज गेला. तो मी लिहिला नव्हता. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की त्यातला दम केव्हाच गेला.

तपासणीचं पथक दुपारी आलं. एक डॉक्टर मॅडम, एक कारकून, एक पोलीस. त्यांनी त्यांचं काम नीट केलं, आरडाओरडा नाही की कुणाला ढकलणं नाही. सरांना तर आनंदच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारी माणसं त्यांचं काम बघायला आली होती. त्यांनी मॅडमना भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासून सांगायला सुरुवात केली. थोरली, धाकटी, धुळीचा पडदा, निबर किरण. कारकुनानं दोन ओळी लिहिल्या आणि पेन मिटलं. मॅडम सीड्यांची पाकिटं उलटसुलट करत होत्या. त्यांनाही हे काहीतरी वेगळंच आहे असं वाटत होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण अर्ज होता, आणि पाकिटांवर क्ष-किरण होते, आणि अंगणात चाळीस माणसं उभी होती.

मग त्यांनी मला बघितलं. बैठकीमुळे त्या मला ओळखत होत्या. चेहरा एकदम मोकळा झाला त्यांचा. म्हणाल्या, "बाई, तुम्ही इथंच राहता. खोली तुम्हीच झाडता ना? हे काय करतात, तुम्हाला माहीत असेल. कधी मशीन वगैरे बघितलंत?"

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी अजून विसरले नाही. परीक्षक आल्यावर मास्तर वर्गातल्या हुशार पोरीकडे बघतात ना, तसं.

आमच्याकडे बायकांची एक जुनी रीत आहे. तलाठी येवो, पोलीस येवो, सावकार येवो, अडचणीचा प्रश्न आला की पदर पुढे घ्यायचा आणि अडाणी व्हायचं. आमच्या आज्यांनी ह्या रितीवर कैक घरं वाचवली असतील. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आमाला काय कळतंय मॅडम त्यातलं."

मॅडमनी हातातलं पाकीट खाली ठेवलं नाही. मला वाटतं, त्यांना मी आणखी काही बोलावं असं वाटत होतं. एक वाक्य पुरलं असतं. इथं फक्त ठिपके आहेत, मॅडम, मी मोजलेत. अंगणातल्या चाळीस जणांसमोर, अंगणवाडीच्या बाईचं. मी पायाच्या अंगठ्यानं शेणाची जमीन उकरत राहिले.

कॉम्प्युटर, सीड्या आणि भिंतीवरचे कागद तपासायला नेले. कागद काढताना सरांनी टाचण्या एक एक करून मोजून डबीत ठेवल्या. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

त्या संध्याकाळी भाकरी झाल्यावर सुनेनं विचारलं, "आत्या, सरास्नी जेवान कोन नेनार?"

मी म्हटलं, आज राहू दे. लोक बघत्यात.

"मंग बघू द्या की," ती म्हणाली. सहाव्या महिन्याचं पोट, हातात झाकलेलं ताट, अशी ती अंगणातून चालत गेली आणि ज्या खोलीत मी तिला फिरकू देत नव्हते म्हणे, त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून सरांचं जेवण होईपर्यंत हलली नाही. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या. सर जाईपर्यंत रोज तिनं हेच केलं. माझ्याशी ती एक वाक्यही वाकडं बोलली नाही. बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते.

सामान सगळं परत आलं. काही सापडलं नाही, असं कागदावर लिहूनही आलं. पण तो कागद फक्त सरांकडे होता, आणि गावाकडे त्याचं स्वतःचं होतं: काही असल्याशिवाय का कुणी येतंय? बाजारात भजीवाल्यानं त्यांना, आत्ता तेल तापलं नाही, असं सांगायला सुरुवात केली. महिना संपायच्या आत सरांनी भोरला परत जायला टेम्पो बोलावला. मी दारात उभी होते. ते म्हणाले, "खोली स्वच्छ असावी. बघून घ्या." मी बघून घेतली. भिंतीवर टाचण्यांची भोकं तेवढी राहिली होती, ठिपक्यांसारखी.

पावसाळा संपता संपता नात झाली. मी साखर वाटली. भिंतीवर लिहिलेलं होतं ना.

तिचं कौतुक सांगत बसत नाही. एवढंच सांगते की तिला न्हाऊ घालताना, तेल लावताना, तिच्या तक्त्यावर दर महिन्याला ठिपका देताना माझ्या मनात रोज एक विचार यायचा, आणि तो मी कुणाला सांगू शकत नव्हते. सरांनी चिठ्ठी दिली असती तर?

सात वर्षं मी भोरला गेले नाही असं नाही. दहादा गेले, आणि दहाही वेळा त्यांच्या गल्लीला वळसा घालून गेले. सर एका पिठाच्या गिरणीमागे राहतात हे कंडक्टरनं कधीच सांगितलं होतं. शेवटी एकदा गेले. एकटी जायची छाती झाली नाही म्हणून नातीला बरोबर घेतलं. ढालीसारखी. बघा म्हणजे किती सुधारले होते मी.

सर वाळले होते. ऐकायला कमी येत होतं. पण अंगात बंडी तीच आणि गालावर खुंट तेच, म्हणजे त्यांचा रविवार नव्हता. भिंतीवर कागदही होते. नातीला त्यांनी पेरू दिला आणि मला खुर्ची. ह्या वेळी मी खुर्चीत बसले. मी तोंड उघडणार तोच ते बोलू लागले, जणू इतकी वर्षं वाक्य तयार ठेवलं होतं.

"बाई, एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, की मला त्यातलं काही कळत नाही. ते मला फार लागलं. तपासणीचं काही नाही, ती माणसं त्यांच्या कामाला आली होती. पण मला वाटायचं तुम्हाला समजतंय. तुम्ही शंका विचारायचात, मी खूश व्हायचो. तुम्ही आपल्या माझं मन राखत होतात. मी इतकी वर्षं मास्तरकी केली आणि ऐकणाऱ्याला कळतंय की नाही एवढंही मला ओळखता येत नाही. त्यानंतर मी कुणाला शिकवायच्या फंदात पडलो नाही."

गिरणी चालू होती. भिंतीला हादरे बसत होते. नात पेरूच्या बिया मोजत होती.

म्हणजे इतकी वर्षं ह्या माणसानं माझं खोटं खरं धरलं होतं, आणि दोष स्वतःकडे घेतला होता. मी तसंच राहू दिलं असतं तर माझी सुटका होती. अडाणी बाई. कुणी काय बोलणार?

मी खुर्ची त्यांच्या कानाशी ओढली आणि म्हटलं, "सर, मला कळत हुतं. समदं कळत हुतं. म्या खोटं बोलले."

त्यांनी कानामागे हात धरला. मला पुन्हा म्हणावं लागलं, गिरणीच्या वर आवाज काढून. असली गोष्ट ओरडून सांगायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

"मग सांगितलं का नाहीत?"

मी नातीकडे बघितलं. सरांनीही तिच्याकडे बघितलं, तिच्या दोन वेण्यांकडे, पेरूनं चिकट झालेल्या बोटांकडे. मग त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यानंतरही कधी विचारला नाही.

मला वाटलं, आता हाकलतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरायला लागलं, आणि ते हसू आहे हे ओळखायला मला वेळ लागला. ते उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले. पलीकडे त्यांचा घरमालक, तो गिरणीवाला, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा होऊन जोंधळ्याचं पोतं ओढत होता. सरांनी त्याला हात करून बोलावलं. तो घाबरून धावत आला, म्हाताऱ्याला काही झालं की काय म्हणून.

सरांनी त्याचा पिठाचा हात धरून त्याला माझ्यासमोर आणून उभा केला आणि मला दाखवून, ताठ मानेनं, गिरणीच्या आवाजाच्या वर सांगितलं, "ह्या वेल्ह्याच्या बाई. ह्यांना सगळं कळत होतं."

त्या वाक्याला त्यांनी 'असावं' जोडलं नाही. गिरणीवाल्यानं मला हात जोडले. मी मान वर केली नाही.